ओल्या बाटलीची भिशी

आधी या वहीची माफी मागते. ही आमच्या लॅबच्या आवक नोंदींची जुनी वही. पुढची पानं भरली म्हणून ती रद्दीत टाकली होती, मागची चाळीसेक पानं कोरी होती. मी ती मागून घेतली असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे रद्दीतून उचलली. मागायचं तर तोंड उघडावं लागतं. पानांवर रकाने छापलेले आहेत, नमुना कोणाचा, कधी आला, निकाल काय. माझी वाक्यं त्या रकान्यांना न जुमानता आडवी जातात. अक्षर वाईट आहे. तेलकट बाटल्यांवर मार्करने लेबलं लिहून हाताला अशी सवय लागली आहे की अक्षर सुंदर नसलं तरी चालेल, चार हातांवरून दिसलं पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर मी चौथीपर्यंत शिकले, आणि ज्या दिवशी ते शिकवलं त्या दिवशी बहुतेक मी म्हशीमागे होते. कोणी वाचणार नाही याची खात्री आहे, म्हणूनच लिहायला धीर होतो. तरी चुकांची माफी मागितलेली बरी.

आमची लॅब ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, एका जुन्या गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे तेलं तपासतात. मी नोकरीला लागले तेव्हा घरी सांगितलं, तेलाच्या कंपनीत लागले, तर सासूबाईंना वाटलं आता महिन्याला गोडेतेलाचा डबा मिळेल. आमच्याकडे येणारं तेल फोडणीला चालत नाही. मशिनचं काळं तेल येतं, ट्रान्सफॉर्मरचं पाण्यासारखं स्वच्छ तेल येतं, आणि हल्ली बायोडिझेल येतं. ते हॉटेलांच्या कढईतल्या वापरून टाकलेल्या तेलापासून करतात. त्याची बाटली उघडली की सगळ्या लॅबभर शिळ्या भज्यांचा वास सुटतो आणि आमची केमिस्ट मुलगी म्हणते, "मावशी, भूक लागली." ती डोंबिवलीहून येते. लॅबमध्ये माझ्याशी पूर्ण वाक्य बोलणारी ती एकटीच.

माझं काम बाटल्या धुण्याचं. साबण, गरम पाणी, मग शुद्ध पाणी, मग भट्टीत तास-दीड तास वाळवणं, आणि गरम असतानाच झाकण लावून वर पट्टी चिकटवणं. पहिल्याच दिवशी केमिस्ट मुलीने मला समोर उभं करून ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची परीक्षा दाखवली. एका कपात तेल ओततात. आत दोन गोळे समोरासमोर असतात, मध्ये तांदळाचा दाणा आडवा बसेल न बसेल एवढी फट. मग वीज वाढवत वाढवत नेतात. तेल चांगलं असेल तर ते विजेला अडवून धरतं, आकडा चढत जातो, आणि फारच झालं की टच्‌ करून ठिणगी उडते. ठिणगी जितकी उशिरा, तितकं तेल चांगलं. असं सहा वेळा करून सरासरी काढतात.

"आणि पाण्याचा एक थेंब गेला ना मावशी, तर लोचा. चांगलं तेलपण नापास."

मी मान हलवली. नापास हा शब्द मला समजतो.

लॅबच्या मालकांना आम्ही सर म्हणतो. खालच्या मजल्यावर त्यांचाच दुसरा धंदा आहे, तेल गाळायचा. ट्रॉलीवर बसवलेलं मोठं मशीन आहे, ते गिऱ्हाइकाकडे नेतात, तेलातलं पाणी आणि घाण काढतात. म्हणजे वर नापास झालेलं तेल खालच्या मजल्याने पास होतं. यात काही गैर आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टरच्या शेजारी औषधाचं दुकान असतंच.

मी राहते कळव्याला. त्यामुळे गिऱ्हाइकांकडून नमुने आणणारे गृहस्थ सुट्टीवर गेले तेव्हा सरांना माझी आठवण झाली.

"बाई, तुमच्याकडे तो बर्फाचा कारखाना आहे ना, तिथून येताना एक बाटली भरून आणाल का? त्यांचा वायरमन वाल्व उघडेल. तुम्ही फक्त पहिलं तेल सोडून द्यायचं, बाटली त्याच तेलाने दोनदा खळबळायची आणि काठोकाठ भरायची. पाणी कुठे लागू द्यायचं नाही. जमेल ना?"

मी "हो" म्हणाले. मी नेहमी "हो"च म्हणते, तो लहान शब्द आहे.

तो दिवस शनिवारचा. बर्फाच्या कारखान्याला शनिवारच सोयीचा. शनिवारी मासे कमी खपतात, त्यामुळे बर्फ कमी लागतो, आणि ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायला तासभर मिळतो. कारखान्याच्या मालकीणबाई तिथल्याच जुन्या घराण्यातल्या. सासऱ्यांचं मिठागर होतं. आता मिठागराच्या जमिनीवर इमारती आहेत, मुलगे घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहतात, आणि काकू मात्र कारखान्याच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बर्फाच्या लाद्या मोजतात. नाकात नथ, पायात स्लिपर. सगळे त्यांना काकूच म्हणतात.

मी बाटली पुढे करून उभी राहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे.

"तेल न्याला आलीस?"

मी मान हलवली.

"शनवारचा? आनि रिकामा भांडा घेऊन? काय गो बाय, तुझ्या आईनी नाय का तुना शिकवला? शनवारी तेल घरातून देत नाय, आनि रिकाम्या भांड्यात तर नायच नाय."

वायरमन हसला. म्हणाला, "काकू, ते खायाचं तेल नाय, ट्रान्सफॉर्मरचं हाय."

"तेल ना? मंग तेलच. ट्रान्सफॉर्मर काय आभालातून परला? माझ्या अंगनातला हाय तो."

वायरमनपुढे काकूंचं चालत होतं आणि काकूंपुढे शनिवारचं. शेवटी काकूंनीच मार्ग काढला. माझ्या हातातून बाटली घेतली, मी भट्टीत वाळवून लावलेली पट्टी नखाने सोलून काढली, नळाखाली धरून चार चमचे पाणी आत घेतलं, ते तुळशीत ओतलं, आणि बाटली माझ्या हातात दिली.

"आता कसा, ओला जाला, रिकामा नाय ऱ्हायला. जा, भर."

हे सगळं व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मला "काकू, पाणी नको" एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण मोठ्या बाईला तिच्याच दारात, वायरमनसमोर, नको कसं म्हणायचं? मी बाटली उलटी करून झटकली. पदराने बाहेरून पुसली. तेलाने दोनदा खळबळली, मग तिसऱ्यांदाही. आणि मनाला सांगितलं की वाळली असेल.

लॅबमध्ये पहिली ठिणगी चौदावर उडाली. मग अकरा, मग सोळा. तीसच्या खाली म्हणजे तेल धोक्यात. केमिस्ट मुलीने भुवया चढवल्या. मी बेसिनपाशी पाठ करून उभी होते आणि प्रत्येक "टच्‌"ला माझ्या मानेवर काटा येत होता.

"सर, एवढं खराब असेल तर तेल पिवळं तरी दिसेल. परत सॅम्पल घेऊ या का?" ती म्हणाली.

"सीझन आहे त्यांचा," सर म्हणाले. "उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर उडाला तर आठ दिवस बर्फ बंद. रिस्क कशाला? फिल्टर करून घ्या म्हणावं."

मी बेसिनपासून वळले. त्या दिवशी खरंच बोलले. "सर, बाटली..."

"तुमची बाटली स्वच्छच असते हो बाई, मला माहीत आहे."

"नाही सर, ओली..."

"मशीन खोटं बोलत नाही," असं म्हणून सरांनी रिपोर्टवर सही केली. सरांचं बरोबर होतं. मशीन खरंच बोललं होतं. फक्त ते तेलाबद्दल नव्हे, बाटलीबद्दल बोललं होतं.

दोन दिवसांनी खालच्या मजल्याचं मशीन ट्रॉलीवरून कळव्याला गेलं. दिवसभर चांगलं तेल गाळून त्याचं चांगलं तेल केलं. नंतरच्या परीक्षेत आकडा अडुसष्ट आला आणि सगळ्यांना फार आनंद झाला. काकू स्वतः रिक्षा करून लॅबमध्ये पेढे घेऊन आल्या. "तुमी येलेवर सांगितला म्हनून, नायतर माझा ट्रान्सफॉर्मर गेला व्हता," असं म्हणत त्यांनी सरांना पेढा दिला, केमिस्ट मुलीला दिला, आणि मला दोन दिले. "हिनीच आनलेली बाटली," असं सगळ्यांना सांगितलं. ते दोन पेढे मी खाल्ले. नाही कसं म्हणणार?

बिल झालं बारा हजार.

काकू म्हणाल्या, सीझन संपला की देते. सीझन संपला. काकू गणपतीत गुंतल्या, मग नवरात्रात. सरांनी एकदा हिशोब पाहिला आणि मला बोलावलं.

"बाई, तुम्ही रोज त्यांच्या दारावरून जाता. जरा आठवण करा ना. एकदम नको, थोडे थोडे दिले तरी चालतील."

आता माझी अवस्था बघा. जे पैसे काकूंनी द्यायलाच नको होते, ते मागायला मलाच पाठवलं. मी संध्याकाळी कारखान्यासमोर जाऊन उभी राहिले. काकूंनी खुर्ची सरकवून दिली, चहा दिला, माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याची चौकशी केली. मी चहा प्यायले आणि घरी आले.

महिनाअखेरीला पगार झाला. त्यातले पाचशे रुपये मी सरांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बर्फवाल्या काकूंकडून." सरांनी कारखान्याच्या नावाची पावती फाडून दिली. मला वाटलं, एकदा देऊ, निदान आठवण करायचा प्रश्न महिनाभर मिटेल. तो मिटला. महिनाभरच.

घरी पाचशे कमी का, हे सांगावं लागलं. माझा नवरा वर्तकनगरला एका सोसायटीत वॉचमन आहे, त्याला गेटातून गेलेली प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची सवय. मी म्हणाले, "लॅबमधल्या बायकांची भिशी लावली." आमच्या लॅबमध्ये बायका दोनच, मी आणि ती केमिस्ट मुलगी. पण त्याला ते माहीत नव्हतं. तो खूश झाला. दर महिन्याला विचारू लागला, "तुझा नंबर कधी लागणार गं?" मी म्हणायचे, "शेवटी." त्याला वाटायचं, बायको भोळी आहे, सगळ्यांना पुढे जाऊ देते.

पावत्या मी चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात ठेवत गेले. पुढे गंमत अशी झाली की माझ्या पाचशे रुपयांवर दोन भली माणसं एकमेकांचं कौतुक करू लागली. सर म्हणायचे, "जुनी माणसं ती. म्हातारी दर महिन्याला न चुकता पाठवते. नाहीतर आपली मोठमोठी गिऱ्हाइकं बघा." आणि काकू मला चहा देताना म्हणायच्या, "तुमचा सायेब देवमानूस हाय गो. इतके महिने जाले, बिलाचा एक फोन नाय." मी दोघांचंही ऐकून घ्यायचे. दोघांचंही खोटं नव्हतं. त्यात सरांनी मला बढती दिल्यासारखं करून आणखी दोन गिऱ्हाइकांची वसुली सांगितली. "बाईंना बोलता येत नाही, पण पैसे बरोबर आणतात," असं ते केमिस्ट मुलीला म्हणाले. त्या दोन गिऱ्हाइकांची वसुली मी केली नाही. दोन महिने वाट पाहून सरांनी ती दुसऱ्याला दिली आणि म्हणाले, त्या लोकांचीच नियत खराब असणार.

अकरा पावत्या झाल्या तेव्हा भिशीला वर्ष होत आलं होतं, त्या ओल्या बाटलीला दीड, आणि लांबत लांबत काकूंच्या ट्रान्सफॉर्मरची परीक्षा पुन्हा आली. नमुने आणणारे गृहस्थ या वेळी हजर होते. तरी सर म्हणाले, "बाईच जाऊ देत. त्यांचं तिथे चांगलं जमतं."

वार कोणता असेल हे सांगायला नको.

आदल्या दिवशी मी बाटली एकदा धुतली, एकदा वाळवली, आणि मन न भरल्याने पुन्हा दोन्ही केलं. पट्टी दोनदा गुंडाळली. पण पट्टीने काकू थांबत नाहीत हे मला ठाऊक होतं. या वेळी तेल परत नापास झालं असतं तर परत मशीन, परत बारा हजार, आणि माझी भिशी मरेपर्यंत संपली नसती. म्हणून मी घरून एक छोटा स्टीलचा डबा घेतला आणि त्यात साखर भरली.

काकू खुर्चीवर होत्या. मला पाहून हसल्या आणि बाटलीसाठी हात पुढे केला. मी बाटली मागे धरली आणि डबा पुढे केला.

"हे काय?"

"साखर. रिकाम्या हाताने नाही आले."

"बरा केलास. आन बाटली, पानी फिरवतं."

"काकू, पाणी नको."

दीड वर्ष अडकलेले ते तीन शब्द बाहेर पडले. आमच्या कपातल्या तेलासारखंच झालं. इतका वेळ धरून ठेवलं होतं, एकदा ठिणगी उडाली ती उडालीच. पाणी का नको ते सांगितलं. मागच्या वर्षीचं पाणी सांगितलं, चौदा-अकरा-सोळा सांगितलं, तेल चांगलंच होतं हेही सांगितलं. एवढं मी लग्नाच्या दिवशीही बोलले नव्हते.

काकूंनी माझ्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्याच नलाच्या पान्यानी माझा तेल नासवला?"

"तेल नाही नासलं. बाटली."

"आनि मी पेढे वाटले?"

"हो."

"तुना दोन दिले!"

"हो."

काकू एवढ्या हसल्या की खुर्ची करकरली. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बरा जाला, मी तुमच्या सायबाला पैसे दिले नाय ते. आता देनारच नाय." तिथेच मी थांबायला हवं होतं. पण तोंड उघडलं होतं, ते मिटायचं कसं याची मला सवय नव्हती. मी पावत्यांचंही सांगून टाकलं.

हसणं बंद झालं. "किती?"

"साडेपाच हजार."

"माझ्या नावानी?"

"हो."

"मी काय भिकारीन हाव गो?" काकू उठून उभ्या राहिल्या. बर्फाच्या लाद्या उचलणारे दोघं कामगार थबकले. "बाटल्या धुनारी बाय माझा बिल भरतं, आनि मी हितं बसून तिला चाय पाजतं!"

"पण चूक माझी होती. मला माहीत होतं, मी बोलले नाही."

"पानी कोनी घातला? मी. भांडा कोनाच्या दारात? माझ्या. तू कोन मधी?"

मग आमचं भांडण झालं. माझ्या आयुष्यातलं पहिलं. चूक कोणाची यावर दोघी भांडलो आणि दोघी म्हणत होतो माझीच. सही कोणी केली आणि बारा हजार कोणाला मिळणार, हा विषय दोघींनाही सुचला नाही. तो मला आत्ता, हे लिहिताना सुचतो आहे. वायरमन वाल्वपाशी उभा राहून म्हणाला, "तेल घ्याचं का शनवार संपू द्याचा?" तेव्हा आम्ही थांबलो. पहिलं तेल सोडलं, बाटली दोनदा खळबळली, काठोकाठ भरली. लॅबमध्ये सरासरी चौसष्ट आली. केमिस्ट मुलगी म्हणाली, "मावशी, झकास." मला त्या आकड्यापेक्षा माझ्या कोरड्या बाटलीचा जास्त अभिमान वाटला.

सोमवारी काकूंनी उरलेले साडेसहा हजार लॅबमध्ये पाठवून दिले. मी नको म्हटलं होतं, निदान सरांना खरं सांगू या म्हटलं होतं. काकू म्हणाल्या, "सायेबाला सांगून तुझी नोकरी घालवू? ऱ्हाऊ दे. त्याचा मशीन दिवसभर चालला, त्याचे मानसं राबले." सरांनी पैसे मोजले आणि मला म्हणाले, "बाई, वसुली तुमच्याकडून शिकावी." त्या महिन्यात मला दोनशे रुपये जास्त दिले. ते घेताना मी कुठे बघावं ते मला कळेना, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

राहिले माझे साडेपाच. कारखाना काकूंच्या नावावर असला तरी हिशोब मुलगे बघतात. बिलाची रक्कम वहीत बसली, पण बाटल्या धुणाऱ्या बाईला साडेपाच हजार कशाचे, हे कुठल्या रकान्यात बसवायचं? म्हणून काकूंनी ठरवलं, जसे दिलेस तसे घ्यायचे, एका पावतीला एक पाचशेची नोट. महिन्यातून एकदा मी एक पावती घेऊन जायचे. काकू ती उजेडात धरून बघायच्या, वाचता येत नसल्याने शिक्का बघायच्या, आणि कंबरेच्या पिशवीतून नोट काढायच्या. एका महिन्यात त्यांनी नोटेऐवजी चार पापलेटं दिली आणि पावती मागितली. मी पापलेटं घेतली, पावती दिली नाही. काकू म्हणाल्या, "बोलायला शिकलीस काय, डोक्यावर बसलीस." पण दुसऱ्या दिवशी पाचशे दिले. पापलेटांचं नाव काढलं नाही.

अकरावी पावती परवा दिली. काकूंनी माझा स्टीलचा डबा आतून आणून दिला, साखरेचा, तेव्हापासून त्यांच्याकडेच होता. घासून लखलखीत केलेला.

"रिकामा देत नाय हां," त्या म्हणाल्या.

आत शेवटची नोट होती.

घरी येऊन चहापत्तीच्या डब्यातल्या दहा आणि ही एक अशा अकरा नोटा मी नवऱ्यापुढे ठेवल्या. म्हटलं, "भिशी लागली." त्याने त्या दोनदा मोजल्या.

"साडेपाच हजार? दोन वर्षं भिशी चालली आणि साडेपाचच? तुझी भिशीवाली चोर दिसते."

"चोर नाही," मी म्हणाले. "पूर्ण दिले तिने."